वेंगुर्ल्याची वलंदेजी वखार

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ शिकवताना एक जागा अशी येते की, तेथे वर्गातली मुले हटकून मान वर करतात. दर्यापलीकडून व्यापाराच्या मिषाने आलेल्या टोपीकरांपासून राजाने सावध असावे, असा उपदेश अमात्य करतात. आणि हे टोपीकर कोण कोण, ते सांगताना फिरंगी, इंग्रज, फरासीस, डिंगमार यांच्या मालिकेत ‘वलंदेज’ हेही नाव घेतात. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज हे मुलांना ठाऊक असते. फरासीस म्हणजे फ्रेंच हे कानालाच कळते. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण वलंदेज म्हणजे कोण, हे मात्र बहुधा कोणालाच सांगता येत नाही. वलंदेज म्हणजे डच, हॉलंडचे लोक.

शब्दाची मौज पाहा. हॉलंडच्या माणसाला पोर्तुगीज भाषेत ‘ओलांदेज’ म्हणतात. आम्ही त्याचे वलंदेज केले. ‘इंग्रज’ हा शब्दही आमच्याकडे पोर्तुगीजांच्याच तोंडून आला. म्हणजे डच लोक आमच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांची ओळख त्यांच्या हाडवैऱ्यांनी करून दिली, आणि त्यांनी सांगितलेले नाव आम्ही दफ्तरात लिहून ठेवले! एका शब्दाच्या पोटात किती इतिहास दडलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी देता यायचे नाही.

हॉलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पवनचक्क्या येतात, ट्यूलिपचे ताटवे येतात, आणि ज्यांच्या घरचे कोणी नोकरीनिमित्त अॅमस्टरडॅमला राहून आले आहे, त्यांना कालव्यांच्या कडेने एकमेकींना खेटून उभी असलेली उंच, चिंचोळी घरे आठवतात. ती जुनी डच शहरे पाहायला आपली मंडळी आवर्जून जातात. परंतु तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गावाचे नाव अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या जमाखर्चात येत होते, असे एक गाव आपल्या महाराष्ट्रातच, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, आणि तेथे वलंदेजांची वखार अजून उभी आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या गावी असेल? ते गाव म्हणजे वेंगुर्ले.

वखार म्हणजे काय?

मी राहते पुण्याच्या बिबवेवाडीत. आमच्याकडे वखार म्हटले की लाकडाचीच वखार डोळ्यांपुढे येते. पण वलंदेजांची वखार म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने आमच्या शेजारच्या मार्केट यार्डातून आंब्याच्या दिवसांत एक फेरफटका मारावा. कोकणातून आलेल्या पेट्या उतरत असतात, गाळ्याच्या दाराशी हमालांची धांदल असते, आत अडत्याचा मेहता चोपडीत आकडे मांडत असतो, वरच्या माळ्यावर कोणाचा तरी बिछाना गुंडाळून ठेवलेला असतो. माल साठवायची जागा, हिशेबाची कचेरी आणि माणसांचा मुक्काम हे सारे एका छपराखाली. त्यात चार तोफा आणि थोडे शिपाई घाला, म्हणजे सतराव्या शतकातली वखार झाली. परमुलखात राहायचे, शेजारी वैरी आहे आणि खजिना घरात आहे, म्हटल्यावर कोठाराला किल्ल्याची कळा येणारच.

लाकडावर उभे राहिलेले शहर

या वखारीची नाळ जोडलेली होती ती अॅमस्टरडॅमशी. आमच्या डेक्कनच्या माणसाला पायाखाली काळा पाषाण असण्याची सवय. अॅमस्टरडॅमच्या पायाखाली होता चिखल. त्या चिखलात लांब लांब लाकडी खांब ठोकायचे, ते खालच्या वाळूच्या घट्ट थरापर्यंत न्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर बांधायचे, अशी तेथली रीत. त्या शहराचे भव्य नगरगृह १६४८ मध्ये बांधायला घेतले. त्याचाच पुढे राजवाडा झाला. त्याच्या पायात १३,६५९ खांब आहेत. तेथली शाळकरी मुले हा आकडा मोठ्या युक्तीने लक्षात ठेवतात: वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी १ आणि शेवटी ९. खांब पाण्याखाली बुडालेला राहिला तर शतकानुशतके टिकतो. पाणी उतरले आणि त्याला हवा लागली की तो कुजू लागतो. म्हणून ते शहर आजही जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. सतराव्या शतकात आखलेल्या तेथल्या कालव्यांच्या वलयाला २०१० मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

या शहराची श्रीमंती आली ती बव्हंशी दर्यावरून. आणि त्या दर्याची वाट त्यांना सापडली ती आमच्या गोव्यातून! यान हाउखन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि तेथल्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून त्याने काही वर्षे काढली. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेल्या सागरी वाटा, वारे, बंदरे आणि बाजार यांची माहिती त्याने जमवली आणि मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. घरचा कारकूनच घराचा नकाशा घेऊन बाहेर पडला, असे म्हणायचे!

पुढे २० मार्च १६०२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या कारभारावर सतरा जणांचे मंडळ होते, आणि त्यांतले आठ एकट्या अॅमस्टरडॅमचे होते. कंपनीचे भाग कोणीही विकत घ्यावेत, अशी मुभा होती. अॅमस्टरडॅमच्या शाखेच्या यादीत १,१४३ भागधारकांची नावे आहेत. त्यांत मोठमोठे सावकार आहेत, तशीच एका संचालकाच्या घरची मोलकरीणही आहे. तिने आपल्या साठवणीतले १०० गिल्डर या धंद्यात घातले. हल्ली आपल्या घरोघर ‘शेअर’ची चर्चा चालते, तिचा उगम शोधीत गेले तर माणूस या यादीपाशी येऊन पोचतो.

गोव्याच्या उशाशी

आता प्रश्न असा की, सुरतेसारखे भरभराटीचे बंदर सोडून वलंदेज वेंगुर्ल्यासारख्या लहानशा गावात कशाला आले? याचे उत्तर नकाशा उघडला की सापडते. वेंगुर्ले गोव्याच्या उशाशी आहे. तेथून शिडाच्या जहाजाला मांडवीचे मुख फार दूर नाही. पोर्तुगीजांचे सारे पूर्वेकडचे साम्राज्य गोव्यातून चाले. लिस्बनहून जहाजे येत ती गोव्याला, मसाला भरून परत जात ती गोव्याहून. मांडवीचे तोंड दाबले की पोर्तुगीजांचा जीव गुदमरतो, हे डचांनी ओळखले होते.

त्या वेळी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, आंतोनियो फान दीमेन हा डचांचा गव्हर्नर जनरल होता. आबेल टास्मानला १६४२ मध्ये दक्षिणेच्या अज्ञात समुद्रात धाडणारा तो हाच. टास्मानिया बेटाला पूर्वी याचेच नाव होते. १६३६ पासून दरसाल पावसाळा संपला की याची जहाजे गोव्यासमोर येऊन ठाण मांडीत आणि पुढच्या पावसाळ्याची चाहूल लागेपर्यंत हलत नसत. पण सात-आठ महिने समुद्रात तळ ठोकून राहायचे म्हणजे खलाशांना गोडे पाणी हवे, जळण हवे, तांदूळ, भाजीपाला, मांसमच्छी हवी. फाटलेली शिडे शिवायला, आजारी माणसांना जमिनीवर टेकायला जागा हवी. ही सारी सोय शत्रूच्या हद्दीबाहेर, पण त्याच्या नाकासमोर कोठे होईल? वेंगुर्ल्याला!

वेंगुर्ले तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत मोडत असे. १६३७ च्या आरंभी योहान फान ट्विस्ट नावाचा डच वकील घाट चढून विजापूरला गेला आणि महंमद आदिलशहाच्या दरबारातून व्यापाराची परवानगी घेऊन आला. त्याच वर्षी वेंगुर्ल्याला वलंदेजांचे ठाणे बसले. हाच फान ट्विस्ट पुढे मलाक्क्याचा गव्हर्नर झाला. आदिलशहाला पोर्तुगीजांची दर्यावरची मिरास डाचत होती. वलंदेजांना शेजारी आसरा हवा होता. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हे राजकारण काही कोणा एका देशाची मक्तेदारी नव्हे.

गोव्याची ही नाकेबंदी १६४४ पर्यंत चालली. त्या वर्षी तह लागू झाला, १६५२ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. १६५६ मध्ये कोलंबो पडले आणि १६६३ च्या जानेवारीत कोचीन डचांच्या हाती आले. मिऱ्यांचा खरा मुलूख हाती आल्यावर आणि पोर्तुगीजांशी कायमची समेट झाल्यावर वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरू लागले. पुढची वीसेक वर्षे ठाणे कसेबसे टिकले आणि १६८५ च्या सुमारास वलंदेजांनी तेथला आपला मुक्काम हलवला. उणीपुरी पन्नास वर्षे! एका माणसाच्या आयुष्याएवढाही हा संसार नव्हे.

शिवकाळाचे साक्षीदार

पण ही पन्नास वर्षे कोणती होती, हे ध्यानात घ्या. १६३७ ते १६८५. म्हणजे शिवाजी महाराजांचे बालपण, त्यांचा उदय, अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक आणि निर्वाण, हे सारे या पन्नास वर्षांत बसते. आणि हा काळभर वेंगुर्ल्याच्या वखारीत एक परदेशी कारकून पिसाची लेखणी शाईत बुडवून रोजच्या बातम्या लिहीत बसला होता!

वखारीतल्या माणसांना बातमी ही मालाइतकीच मोलाची वाटे. घाटावर लढाई जुंपली तर बैल-तांडे अडतात, तांडे अडले की कापड येत नाही, कापड आले नाही की जहाज रिकामे जाते. म्हणून विजापुरात काय चालले आहे, कुडाळचे आणि वाडीचे सावंत कोणाच्या बाजूला झुकले आहेत, शिवाजी महाराजांची फौज कोठवर आली आहे, हे सारे वेंगुर्ल्याहून बटाव्हियाला कळवले जाई आणि तेथल्या रोजनाम्यांत नोंदले जाई. या बातम्यांत ऐकीव गप्पा आहेत, भीती आहे, पूर्वग्रह आहेत. वेंगुर्ल्यालाही त्या धामधुमीची झळ लागली. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये तेथले बंड मोडताना गाव जाळले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. स्वार्थी माणसाने आपल्या धन्याला लिहिलेली पत्रे जशी असायची, तशीच ही पत्रे आहेत. परंतु त्यांचा एक गुण आमच्या बखरींत नाही. बखर लिहिली जाते सारे घडून गेल्यावर, कित्येकदा दोन-तीन पिढ्यांनी. ही पत्रे लिहिली गेली घटना घडत असताना, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसताना. त्यांवर दिवस आहे, महिना आहे, साल आहे.

हे मोल आमच्या जुन्या संशोधकांनी ओळखले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३२ पासून शिवचरित्राचे जे इंग्रजी खंड प्रसिद्ध केले, त्यांत डच कागदांचा उपयोग मोठ्या परिश्रमाने केला. वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी साधने धुंडाळून महाराजांचे विश्वसनीय चित्र महाराष्ट्रापुढे ठेवले. आज अॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात महाराजांचे जे लहानसे चित्र आहे, तेही याच व्यापाराच्या वाटेने तेथे गेले. गोवळकोंड्याकडच्या चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेली हिंदुस्थानातल्या राजपुरुषांची चित्रे अॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्या संग्रहात जमा झाली होती. त्यांतलेच ते एक. रायगडाचा राजा आणि लाकडी खांबांवरच्या शहराचा नगराध्यक्ष, यांची गाठ अशी कागदावर पडली!

अॅमस्टरडॅममध्ये छापलेली देवनागरी

वलंदेजांनी येथून नेले ते केवळ मिरी आणि कापड नव्हे. आणखी एका गोष्टीची हकीकत सांगण्यासाठी वाचकांना वेंगुर्ल्याहून किनाऱ्याने दक्षिणेस, कोचीनला न्यावे लागेल. ही गोष्ट मला मराठीची अध्यापिका म्हणून विशेष जवळची वाटते.

कोचीनचा डच सेनापती हेन्ड्रिक फान रेडे याला तेथल्या वनस्पतींचे वेड लागले. मलबारच्या झाडापाल्याचा, त्याच्या चित्रांसह आणि औषधी गुणांसह, एक महाग्रंथ त्याने सिद्ध करवला. लॅटिन भाषेतला हा ‘होर्तुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने आहेत. या कामात त्याला साहाय्य केले ते इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून देशोधडीला लागलेल्या ज्या कुटुंबांनी कोचीनला आसरा घेतला, त्या समाजातले हे वैद्य. त्यांनी आपल्या निघंटूंच्या आधारे वनस्पतींची नावे आणि गुण सांगितले.

आणि या तिघांनी आपण हे काम कसे केले याचे जे निवेदन १६७५ मध्ये लिहून दिले, ते ग्रंथाच्या पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे: कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत! महाराष्ट्रात छापखाना रुजण्याच्या सव्वाशे वर्षे आधी आपल्या लिपीतला, आपल्या बहिणीच्या भाषेतला हा मजकूर अॅमस्टरडॅमच्या कागदावर उमटला होता. लॅटिन ग्रंथाच्या आरंभी वैद्यांची नावे घालून त्यांचे ऋण मान्य करण्याची बुद्धी त्या सेनापतीला झाली, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. हा फान रेडे १६९१ मध्ये सुरतेला जाताना समुद्रातच वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची घुमटाची भव्य कबर आहे.

पडक्या भिंती

आता परत वेंगुर्ल्याकडे वळू. वलंदेज गेले, सावंतांचा अंमल राहिला, १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. वलंदेजांची बळकट वास्तू आयतीच हाती आल्यावर इंग्रजांनी तिच्यात सरकारी कचेरी थाटली. वखारीत पूर्वी मिऱ्यांची वजने होत, आता सारावसुलीची होऊ लागली, एवढाच फरक!

गेल्या काही वर्षांत मी दोनदा ती वखार पाहून आले. स्वारगेटहून रात्रीची गाडी धरली की सकाळी आंबोलीच्या धुक्यातून सावंतवाडीला उतरता येते, आणि तेथून वेंगुर्ले तासाभराच्या अंतरावर. वखारीच्या जाड भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. वास्तू दुमजली, पण मी पाहिली तेव्हा छप्पर नव्हते. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आभाळ दिसत होते. भिंतींच्या सांध्यांतून झाडे उगवली होती, आणि त्यांची मुळे दगडावरून उतरलेली पाहून मन उदास झाले. कोकणातला पाऊस काय असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला छपराविना उभ्या असलेल्या भिंतीचे आयुष्य सांगावे लागत नाही. वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. परंतु संरक्षणाची पाटी पावसाला वाचता येत नाही.

तेथे एक वृद्ध गृहस्थ भेटले. काठी टेकीत जवळ आले आणि म्हणाले, “ह्या पडक्यात काय बघूक इलात, बाईनु?” मी वखारीचे नाव काढले तर हसले. “वखार ती तुमका. आमी तिका कचेरीच म्हणतव.” मग थोडा वेळ थांबून त्यांनी जो प्रश्न टाकला, तो माझ्या मनातून अजून जात नाही. “ते परके लोक. आमका लुटूक इल्ले. त्येंची भिंत रवली काय नि पडली काय, आमचा काय जाता?”

या प्रश्नाला थातुरमातुर उत्तर देऊन भागणार नाही. वलंदेज हे काही विद्येच्या प्रसारासाठी आले नव्हते. जायफळाचा मक्ता मिळवण्यासाठी यान पीटरझोन कून याने १६२१ मध्ये बांदा बेटांवर जी कत्तल केली, ती वाचताना अंगावर काटा उभा राहतो. या कंपनीने माणसे विकली, माणसे विकत घेतली. अॅमस्टरडॅमच्या त्या देखण्या घरांच्या पायाखाली नुसते लाकूड नाही, हे आता तेथलेच लोक बोलू लागले आहेत. गुलामांच्या व्यापारात आपल्या शहराचा हात होता याबद्दल अॅमस्टरडॅमच्या नगराध्यक्षांनी १ जुलै २०२१ रोजी जाहीर क्षमा मागितली. मग असल्यांची वखार आपण का जपावी?

मला वाटते, वखार जपायची ती कोणाच्या गौरवासाठी नव्हे, पुराव्यासाठी. आणि तो पुरावा केवळ वलंदेजांचा नाही. या भिंतींचा जांभा ज्यांनी फोडला ते पाथरवट, जहाजापर्यंत पडाव वल्हवणारे खारवी, कापड विणणारे कोष्टी, तांडे हाकणारे वंजारी, हिशेबात परक्यांनाही चकवणारे सारस्वत व्यापारी आणि दोन भाषांत दुवा सांधणारे दुभाषी, ही सारी आपली माणसे होती. त्यांनी बखरी लिहिल्या नाहीत, त्यांच्या समाध्या बांधल्या गेल्या नाहीत. त्यांच्या घामाची खूण म्हणून दाखवता येईल अशी ही एवढीच वास्तू उरली आहे. तिच्या भिंती पडल्या तर वलंदेजांचे काही जाणार नाही. त्यांचे कागद हेगच्या अभिलेखागारात सुखरूप आहेत. जाईल ते आपले!

भिंती येथे, कागद तेथे

कंपनी १७९९ अखेर बुडाली. पण तिचे दफ्तर बुडाले नाही. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या दफ्तराने १,२०० मीटरांहून अधिक लांबीचे फळे व्यापले आहेत. जकार्ता, कोलंबो, चेन्नई, केपटाउन येथेही कंपनीचे कागद आहेत, आणि २००३ मध्ये ‘युनेस्को’ने या साऱ्या संग्रहाची नोंद जगाच्या स्मृतिठेव्यात केली. अलीकडच्या वर्षांत तर नवल घडले आहे. तेथल्या संशोधकांनी यंत्राकडून ते जुने हस्ताक्षर वाचवून घेऊन सुमारे ५० लाख पानांचा मजकूर जगाला खुला केला आहे. बिबवेवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर बसून ‘विंगुर्ला’ असा शब्द घालावा, की पानांमागून पाने पुढे येतात. वेंगुर्ल्याला ते लोक विंगुर्ला लिहीत.

पाने येतात, परंतु भाषा येत नाही! ती सतराव्या शतकातली डच आहे. आजच्या डच माणसालाही ती सहज उलगडत नाही. माझी अवस्था खिडकीच्या काचेला नाक लावून मिठाई पाहणाऱ्या मुलासारखी होते. आपल्या पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परंपरेमुळे मोडी शिकणाऱ्या तरुणांची कमतरता नाही. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि गृहिणीसुद्धा मोडीच्या वर्गात हौसेने बसतात. फारसी शिकून शिवकाळ वाचणारे अभ्यासक येथे झाले. मग जुनी डच वाचणारे चार-दोन तरुण महाराष्ट्रात का निघू नयेत? १५७५ मध्ये स्थापन झालेल्या लायडन विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी आशियातल्या विद्यार्थ्यांना बोलावून ही भाषा आणि हे हस्ताक्षर शिकवण्याचा उपक्रम केला होता. वाट मळलेली आहे, चालणारे हवेत. शिवचरित्रावर आपल्याकडे सभा गाजतात, वाद झडतात, मिरवणुका निघतात. त्या उत्साहाचा शतांश जरी या कागदांच्या वाट्याला आला, तरी महाराजांच्या काळावर नवा प्रकाश पडेल.

आणि वेंगुर्ले हे काही नुसत्या वखारीचे गाव नव्हे. मंगेश पाडगावकर याच गावात १९२९ मध्ये जन्मले आणि ‘आरती प्रभू’ या नावाने आपल्या मनात घर करून राहिलेले चिं. त्र्यं. खानोलकर १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यात. जवळचे आरवली म्हणजे जयवंत दळवींचे गाव. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० पासून जवळजवळ अठरा वर्षे मुलांना शिकवले. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला. १९५७ पासून वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, आणि तेथे निपजलेल्या काजूच्या जाती या गावाच्या नावाने ओळखल्या जातात. मजा अशी की, हा काजू मूळचा ब्राझीलचा, आणला पोर्तुगीजांनी; आज त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती आहे? बाहेरून आलेले पारखून घ्यावे, रुजण्याजोगे असेल ते रुजवावे, आणि जे घडले त्याची खूण सांभाळावी, हे शहाणपण कोकणच्या मातीने कधीच आत्मसात केले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आपली कितीतरी कुटुंबे गोव्याला निघतात. त्या वाटेवर वेंगुर्ल्याला अर्धा दिवस काढायला हरकत नाही. बंदरावरचा वारा घ्यावा, खानावळीत सोलकढी प्यावी, आणि मुलांना घेऊन वखारीपाशी जावे. पडक्या भिंतींवर चढू नये, चढू देऊ नये, बाहेरूनच पाहावे. समुद्र कोठे, गोवा कोणत्या दिशेला, जहाजे कोठे उभी राहत असतील, हे मुलांना दाखवावे. आणि घरी परतल्यावर पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाकावे की आम्ही ही वास्तू पाहिली, हिच्यावर छप्पर हवे. एका पत्राने काय होणार, असे वाटेल. पण ज्या स्मारकाची कोणीच विचारपूस करीत नाही, ते फायलीत सर्वांत खाली जाते, हे आपण सारे जाणतो. पत्र मात्र मुलांकडून लिहवून घ्यावे, त्यांच्याच अक्षरात. खाली तारीख, महिना आणि साल घालायला विसरू नये.